पंचफुलाअक्काचं हिरवं इंजिन

पंचफुलाअक्कानं इंजिनावरची पितळी पट्टी उघडली आणि ओरडलीच, "मिस्त्री, हिरवा! ह्याचा मूळ रंग हिरवा हाय!"

आम्ही धावलो. काळ्या किटणानं माखलेल्या त्या लोखंडावर, पट्टीच्या आड, नखाएवढा हिरवा रंग नव्यासारखा शिल्लक होता. आम्ही ते इंजिन काळं रंगवायला निघालो होतो!

गाडी होती जुनी मॉरिस, अडत दुकानदार वीरभद्रप्पांची. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतलेली आणि पुढं गोठ्यात कडब्याखाली गेलेली. साल १९८२. ऑगस्टात लातूर जिल्हा होणार होता. त्या मिरवणुकीत ही गाडी बॉनेट उघडं ठेवून चालवायची, असं वीरभद्रप्पांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मी नुकताच आयटीआय करून शरणप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात फिटर लागलो होतो. रिंगा, व्हॉल्व्ह माझ्याकडं, धुणं-घासणं अक्काकडं.

अक्का जळकोटकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथला रोलर बंद पडला की ड्रायव्हर तिला रॉकेलचा डबा धरायला बोलवायचा. "दगड फोडला की आत दगडच," ती सांगायची, "इंजिन उघडलं की आत एक गाव असतंय." तेव्हापासून ती इंजिनं धूत आली. पण रंग मारायचे ते मिस्त्री. त्यांची स्प्रे गन त्यांच्याच खिळ्याला असायची, अक्काच्या खिळ्याला रॉकेलचा डबा.

त्या दिवशी हिरवा रंग दाखवून अक्का म्हणाली, "ह्या टायमाला रंग मी मारते."

मिस्त्री हसले. "मार की. जमलं तर गन तुझ्या खिळ्याला. न्हाई जमलं तर रॉकेलचा डबा, अन् परत विषय काढायचा न्हाई."

त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. अक्कानं सगळं इंजिन रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं उजळलं, पॉलिश पेपरनं घासलं, भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. लोखंड असं चमकलं की मला ते रंगवूच नये असं वाटलं.

इतक्यात वीरभद्रप्पांच्या आई, रत्नम्मा, विभूती घेऊन आल्या. नव्या कामाला महादेवाचं नाव हवंच. त्यांनी त्या उघड्या लोखंडावर तीन बोटं ओढली आणि हात जोडून गेल्या. अक्कानं कोरड्या फडक्यानं भस्म पुसलं. मग प्रायमर, त्यावर हिरवा. काय झळकलं ते इंजिन! घरी जाताना अक्का चालत नव्हती, उडत होती.

सकाळी येऊन बघतो तर हिरव्या रंगात तीन आडव्या रेघा! नेमकं तिथंच रंगानं अंग चोरलं होतं.

बातमी लागताच रत्नम्मा आल्या, मागं वीरभद्रप्पा. "महादेव उमटला रे!" त्यांचे डोळे भरले. मिस्त्रीही नमस्कार करून म्हणाले, "राहू द्या. लोक दर्शनाला येतील."

अक्कानं रेघेच्या कडेला नख लावलं. रंगाचा पोपडा हातात आला.

"अव्वा," ती रत्नम्मांना म्हणाली, "विभूती कशात कालवली होती?"

"पाणी कुठं हाय बाई? समईतल्या तेलात कालवली."

"मग तेलानं रंग सोडलाय. मिरवणुकीत इंजिन तापलं की हे पोपडे लोकांसमोर गळतील. तुमचा देव गळाला म्हणतील, अन् माझा रंगबी."

"पण देवाला पुसायचं?" वीरभद्रप्पा तापले. "ते पण तू?"

अक्कानं रॉकेलमध्ये बोळा भिजवला आणि रत्नम्मांपुढं धरला. "मी कशाला? अव्वानं काढलंय, अव्वाच पुसतील. रंग वाळला की परत काढा. पाण्यात कालवून."

रत्नम्मांनी बोळ्याकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं. "हट बाजूला," त्या लेकाला म्हणाल्या, "तुला पोपडे गळालेला देव पायजे का?" आणि पदर खोचून इंजिन पुसायला लागल्या. "इथं अजून हाय, अव्वा," अक्का सांगत होती. "दिसतंय गं!"

कोरडं घासून दुसऱ्यांदा मारलेला रंग वाळला, तेव्हा रत्नम्मांनी घरून आणलेल्या पाण्यात विभूती कालवून परत तीन बोटं ओढली.

मिरवणुकीत मॉरिस फटफटत निघाली. पोरं उघड्या बॉनेटात वाकून हिरवं इंजिन बघत होती. अक्का शेवटपर्यंत गाडीसोबत चालली, डोळे इंजिनावरून न हलवता. गाडी थांबताच तिनं त्या जागी नख घासलं. विभूतीची पूड तेवढी निघाली. रंग जागचा हलला नाही.

गॅरेजात परतलो तर गन अक्काच्या खिळ्याला लटकत होती.

"रेणापूरहून ट्रॅक्टरचं इंजिन आलंय," मिस्त्री म्हणाले. "लई किटाण हाय."

अक्कानं गन काढून नळी तपासली. "आणा की. पण मिस्त्री, धुवायला माणूस ठेवा."