चोळीतला कांदा

मे महिन्याच्या रजेत मला नि मुलीला घेऊन रत्नागिरीला जायचं, हा ह्यांचा हट्ट. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला आठवडा उरला होता, मुलीला नुकता सव्वा महिना झाला होता, आणि सासूबाईंना नात बघायची होती. मला कोणी विचारलं नाही. मुंबईहून निघताना आईने एक कांदा फोडून माझ्या चोळीत खोचला. त्याच्या वासाने बोट लागत नाही म्हणे.

डेकवर चटईला चटई लागलेली. धक्का सोडून तास झाला नसेल, तोच माणसं ओकायला लागली. कुणी डब्यात, कुणी कठड्यावरून, आणि वाऱ्याने ते परत आमच्याच अंगावर. त्यात सुकटीची गाठोडी, इंजिनाच्या तेलाचा वास, नि माझ्या मांडीवर भिजलेली दुपटी. मला सगळ्यांची शिसारी आली. ज्यांना सुट्टीची हौस होती, ते हे ट्रंकेला टेकून, डोळे मिटून, "जयगड आलं का?" एवढंच विचारत होते. मला मात्र बोट लागली नाही. कांद्याने काम चोख केलं होतं.

पण मुलगी पिईना. सकाळपासून थेंब नाही. छातीशी धरली की तोंड फिरवायची, किंचाळायची. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला, ओठ सुकले. एका बाईने दृष्ट काढली. दुसरी वेखंड उगाळून चाटवायला आली. तिच्या नखांतला मळ बघून मी तिचा हात ढकलला.

शेजारच्या चटईवर गलबत हाकणाऱ्या एका तांडेलाची बायको होती, मुसलमान. तिच्या सुकटीला मी सकाळपासून नाक मुरडत होते. ती सरकून जवळ आली, माझ्या चोळीकडे बघून म्हणाली, "बाय, आधी तो कांदा काढ. त्या वासात पोर तोंड कसा लावील?"

मी कांदा समुद्रात फेकला. तिने दिलेल्या पाण्याने छाती पुसली. मुलगी लुचायला लागली, आणि सकाळपासून थोपलेलं सगळं माझ्या पोटातून उसळून वर आलं. मान वळवून मी ओकले, ते नेमकं तिच्या झाडून ठेवलेल्या चटईवर.

तिने नाक मुरडलं नाही. माझं कपाळ तळव्यात धरून म्हणाली, "हलू नको. पितेय ती."

मी हलले नाही.