सोळा डब्यांचा एक नंबर

शीला नगराळेच्या दुकानात जायचं असलं की पांढरकवड्याचा माणूस आपली अब्रू घरीच ठेवून निघतो. कॉम्प्युटर हमखास दुरुस्त होईल, पण चार शब्द ऐकल्याशिवाय नाही, हे तालुक्याला पाठ झालंय. केळापूरच्या रस्त्याला, टायरवाल्याला लागून तिचं दहा बाय दहाचं दुकान आहे. पाटी नाही. ज्याला गरज आहे तो शोधत येतो, असं ती म्हणते, आणि दुर्दैवानं ते खरं आहे.

तिचा हातखंडा बायोस मारण्यात. मदरबोर्डवर आठ पायांची, डाळीच्या दाण्याएवढी एक आयसी असते. मशीन चालू झाल्याबरोबर काय करायचं, हे त्या आयसीत लिहिलेलं असतं; त्या लिखाणाला बायोस म्हणतात, आणि ते नव्यानं भरणं म्हणजे बायोस मारणं. तेच लिखाण बिघडलं की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळा तो काळाच. हल्ली व्हिडिओ पाहून कुणीही उठतो, कुणीतरी फेरफार केलेलं बायोस उतरवून घेतो आणि कॉम्प्युटरच्या जुन्या डब्याला तरुण करायला बसतो. अर्ध्यावर लाईट जाते. मग डबा टॉवेलात गुंडाळून स्वारी शीलाच्या दारात.

पाटणबोरीकडच्या तांड्यावरचे धरमसिंग मास्तर असेच एकदा आले होते. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, म्हणजे शीलाला रंग चढायला पुरेशी.

"मास्तर, अपडेट चालू असताना बटन कोनं दाबलं?"

"मीनंच, ताई. लय येळ लागून राह्यलाता."

"अन् तुमी पोरायले शिकवता. जिल्ह्याचा निकाल काहून लागत नाई, ते आज समजलं मले."

चौघं खो-खो हसले. मास्तरही हसले, कारण डबा तिच्या हातात होता. तिनं आयसीला चिमटा लावला, त्याची तार आपल्या लॅपटॉपला जोडली, पाच मिनिटांत नवं लिखाण भरलं आणि पडदा उजळला. मास्तर हात जोडत होते तेव्हा ती पुढच्याला म्हणत होती, "तू बोल, तू काय मारून आणलं?"

बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कॉलेज सोडलं, नागपुरात एका दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला राहिली, आणि झाडू मारता मारता डोळ्यांनी काम चोरलं. तिला कुणी शिकवलं नाही. परत येऊन तिनं आईला, इंदूबाईला सांभाळलं, धाकट्या भावाला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. एवढ्यासाठी तिला काय काय माफ करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

भावाचं नाव संघदीप. वय तेहतीस, आणि दुकानातला हुद्दा 'बैताड', म्हणजे वेडगळ. शीला त्याला गिऱ्हाइकांसमोर त्याच नावानं हाक मारी. काम मात्र तो असं करी की देव्हाऱ्यातली भांडी घासावी. चिप वाचायची, पुन्हा वाचायची, दोन्ही वाचनं जुळतात का बघायचं, मूळ फाइलला नाव देऊन ती जपून ठेवायची, आणि मगच नवं लिहायचं. शीला हेच काम निम्म्या वेळात उरकी. एकाच मॉडेलचे डबे असले की एकाची फाइल दुसऱ्याला ठोकून मोकळी होई. डबे चालू होत, गिऱ्हाईक खूश. एक डबा बाभुळगावात, दुसरा झरी जामणीत. त्यांची जन्मात गाठ पडायची नव्हती, त्यामुळे ह्या घाईत काय चुकतंय ते तिला कधी कळलंच नाही.

गाठ पडली ती पुंडलिकराव वासेकरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये. पुंडलिकरावांची तूर-कपाशीची मोठी शेती, आणि गावात कॉम्प्युटर क्लास. त्यांना ऑनलाइन परीक्षेचं केंद्र हवं होतं. कुठल्याशा ऑफिसातून निघालेले बावीस डबे त्यांनी आणले, एकाच मॉडेलचे. डबे जुने, त्यांना नव्या पद्धतीची वेगवान डिस्क ओळखता येईना. बायोसमध्ये एक तुकडा वाढवला की ओळखतात. तो तुकडा बसवणारी तालुक्यात एकच.

"बाई, परीक्षा नीट पार पडली का संघदीप माह्याकडं कायमचा," पुंडलिकराव म्हणाले. "सिस्टीमवाला म्हणून. मले असाच सावकाश मानूस पाह्यजे."

घरी हे ऐकून इंदूबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. संघदीपला आजवर तीन ठिकाणांहून नकार आला होता, आणि तिन्ही वेळा कारण एकच: मुलगा बहिणीच्या दुकानात काय करतो, ते नीट सांगता येत नाही. आता बाभुळगावच्या वैष्णवीचं स्थळ चालून आलं होतं. पोरीच्या बापानं साफ सांगितलं होतं की नोकरी असेल तर होकार, नाहीतर राम राम. म्हणजे नोकरीवर लग्न होतं, आणि नोकरी ह्या बावीस डब्यांवर.

संघदीपनं बावीसही चिपा वाचल्या. प्रत्येक डब्याची मूळ फाइल वेगळी काढली, तिच्यात नवा तुकडा बसवला, एक ते बावीस नंबर दिले, आणि डब्यांवर तेच नंबर कागदी टेपवर लिहून चिकटवले. पुढच्या रांगेतले सहा डबे स्वतः लिहून पूर्ण केले. मग मुलगी पाहायला बाभुळगावला जायचा दिवस उगवला. जाताना त्यानं ह्या साऱ्या फाइलींचा एकुलता पेनड्राइव्ह बहिणीच्या हातात दिला.

"ताई, सात नंबरच्या डब्याले सातचीच फाइल मार. आठले आठची. जुळवून."

"मले शिकवतं? जा, पोरगी पाह्य. तिनं तुले पाह्यलं का मंग बोलू."

तो गेला आणि शीलानं उरलेले सोळा डबे हाती घेतले. दर वेळी नंबर बघा, फाइल शोधा, जुळवा. तिला त्या साऱ्या सोपस्काराचाच राग आला. सातची फाइल उघडली होती. तीच तिनं सातला मारली, आठला मारली, आणि बावीसपर्यंत मारत गेली. एकेक डबा चालू करून पाहिला, सगळे धडाधड उठले. संघदीप बाभुळगावहून लाजत, हसत परत आला तेव्हा ती चहा पीत बसली होती. दोन दिवसांनी तपासणीची माणसं आली, त्यांनी पुढच्या रांगेतले सहा डबे लावून पाहिले, पोहे खाल्ले आणि मान डोलावून गेली.

परीक्षेच्या सकाळी झरी जामणीकडची पोरंपोरी पहिल्या गाडीनं आली होती. नऊ वाजता बावीसही पडदे एकदम चालू झाले आणि पाच मिनिटांत तमाशा सुरू झाला. पुढची रांग सुरळीत. मागे मात्र एकाचा पेपर उघडला की दुसऱ्याचा गोठे, तिसऱ्याचा निघे तोवर पहिला बाहेर फेकला जाई. पोरं रडकुंडीला आली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा माणूस घामाघूम होऊन वायरी उपटत होता. शीलाला आणि संघदीपला दुकानातून बोलावून आणलं.

ती सात नंबरच्या डब्यासमोर बसली, मग आठच्या, मग नऊच्या. तिसऱ्या डब्यावरच चूक तिच्या ध्यानात आली. नेटवर्कवर प्रत्येक डब्याला ओळखायचा एक मॅक नंबर असतो, आणि ह्या डब्यांमध्ये तो नंबरही त्याच आयसीत लिहिलेला होता. तिनं सातचा नंबर सोळा डब्यांना देऊन ठेवला होता. एका नावाची सोळा माणसं एकाच घरात शिरावी आणि पोस्टमननं कुणाला पत्र द्यावं ते त्याला कळू नये, तशी गत झाली होती.

"पन हे झालं कसं?" पुंडलिकरावांनी विचारलं. "कोनं केलं?"

शीला काही बोलायच्या आत मागून संघदीप म्हणाला, "मीनं तं फायली येगयेगळ्या ठेवलत्या, ताई. पेनड्राइव्ह तुह्याजवळच हाय न? त्याच मारू आता. दोघं मिळून बसलो तं दुपारच्या आत होते."

त्यात आरोप नव्हता. त्याच्या मनात तसलं काही आलंच नव्हतं. कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, दोनच्या आत चालू करून द्या, हीच पोरं दुपारच्या बॅचला बसवतो. नाहीतर केंद्र रद्द. तीसेक माणसं शीलाच्या तोंडाकडे बघत होती. त्यांत धरमसिंग मास्तर होते, आपल्या पुतणीला घेऊन आलेले. त्यांच्या चेहऱ्यावर तिला नुसती उत्सुकता दिसली, पण तिला ती हसण्याची तयारी वाटली.

"पाह्यतो," ती म्हणाली. पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन पुंडलिकरावांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लोटून घेतलं.

बावीस फाइली तिथे होत्या. सगळ्या वेगळ्या, सगळ्या बरोबर. ह्याच फाइली बाहेर नेल्या असत्या तर दोनच्या आत सोळा डबे उठले असते, पोरांचा पेपर झाला असता, केंद्र राहिलं असतं, भावाला नोकरी आणि बायको मिळाली असती. एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी. तिला वाटलं, बैताडाची चूक लोक उद्या विसरतील, माझी मात्र मरेपर्यंत सांगतील. तिनं सातची फाइल घेतली, तिच्या पंधरा नकला केल्या, आठ ते बावीस अशी नावं देऊन भावाच्या फाइलींवर घातल्या. मोजून एक मिनिट लागलं. मग लॅपटॉप उघडाच धरून ती बाहेर आली.

"ये इकडं. पाह्य तुह्या डोयानं. सातपासून बावीसलोक एकच फाइल हाय. नावं तेवढी बदलून ठेवली तुनं."

संघदीप वाकला. एक फाइल उघडली, दुसरी उघडली. नंबर बघितला, पुन्हा बघितला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला तो सगळ्यांनी पाहिला.

"असं कसं झालं, ताई?"

"मले काय इचारतं? पोरीच्या इचारात होता तू."

कुणीतरी फिसकन हसलं. आता दोनच्या आत होत नाही म्हणून कंपनीच्या माणसानं केंद्र रद्द केलं, आणि ते पुंडलिकरावांच्या डोळ्यांदेखत गेलं. त्यांना कुणाला तरी फाडून खायचं होतं. त्यांनी संघदीपला मधोमध उभं केलं आणि परीक्षेला आलेल्या पोरांसमोर कान धरायला लावले. तेहतीस वर्षांच्या माणसानं कान धरले. पोरांनी मोबाइल काढले. मास्तर तेवढे पुढे झाले आणि म्हणाले, "राहू द्या, साहेब, चूक होते मानसाले." शीलाला त्या क्षणी मास्तरांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

व्हिडिओ बाभुळगावला संध्याकाळच्या आधी पोचला. वैष्णवीच्या बापानं स्वतः फोनसुद्धा केला नाही, शेजाऱ्याकरवी नकाराचा निरोप धाडला.

पुढच्या आठवड्यात शीलानं डब्यांच्या पाठीवरच्या स्टिकरांवरून खरे नंबर टिपले, ते एकेका फाइलीत भरले आणि सोळाही डबे सरळ केले. केंद्र परत आलं नाही, पण 'भावानं मारलं, बहिणीनं तारलं' असं गावात झालं. दुकानात गर्दी वाढली. संघदीप दुकानात येईना. कापसाच्या जिनिंगमध्ये त्याला गाठींवर नंबर टाकायचं काम देत होते. तो म्हणाला, नंबरचं काम मले नोको. मग गाठी वाहायला लागला.

शीला वाईट होती, पण दगड नव्हती, आणि ही तिची खरी शिक्षा. दर रविवारी विहारात वंदना होई. पंचशीलातल्या चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन म्हणायची वेळ आली की तिचा आवाज बंद पडे. शेजारच्या हंसाबाईनं एकदा विचारलंसुद्धा, घसा बसला का म्हणून. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी ती विहारातून सरळ घरी आली. संघदीप जेवत होता, इंदूबाई चुलीशी होती. शीला भावासमोर खाली बसली.

"संघदीप, फायली तुह्या बरोबर होत्या. मीनं सातची फाइल साऱ्यायले मारली. अन् मंग केबिनमधी तुह्या फायली मीनंच पुसल्या."

घास त्याच्या हातात राहिला. मग तो हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसला.

"कायले सोतावर घेतं, ताई? मीनं माह्या डोयानं पाह्यलं न."

"अरे, मी खरं सांगून राह्यली!"

"मंग दाखव. माह्या फायली कुठं हायेत?"

शीलाकडे दाखवायला काही नव्हतं. ती रडायला लागली, आणि ते रडणं तर त्याला पुरतंच पटलं.

"पाह्य माय," तो आईला म्हणाला, "मले बरं वाटावं म्हून विहारातून आल्याबरोबर खोटं बोलून राह्यली. तुह्या बैताडासाठी."

"असी बहीन नसीबानं भेटते, पोरा," इंदूबाई म्हणाली. "पाय धर तिचे."

संघदीपनं उष्टा हात मागे घेतला, दुसऱ्या हातानं शीलाच्या पायांना शिवला आणि म्हणाला, "जेव आता, ताई. भाकर थंडी होते."