मसणवट्याखालचं सोनं

धुरपताबाईनं एकदा मनावर घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. निजामाच्या राज्यात, दुसरं महायुद्ध चालू असताना, हैदराबादेहून मुनव्वरसाहेब नावाचे खाणखात्याचे दारोगा आमच्या जळकोटजवळ नदीकाठी तंबू ठोकून उतरले. या भागातली वाळू सोन्यासाठी तोवर कुणी तपासलीच नव्हती. धुरपताबाईचा नवरा नुकताच गेला होता. वाळू परातीत घोळून धुवायच्या कामावर ती लागली.

एका दुपारी तिच्याच परातीच्या तळाला पिवळा कण चमकला. साहेब हरखून गेले. इथला सगळा काठ खणायचा, असा हुकूम सुटला आणि गावाला कामाची स्वप्नं पडायला लागली.

पण त्या काठावरच आमचा मसणवटा. आमच्यात मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा बारीक तुकडा ठेवतात आणि राख नदीत सोडतात. साहेबांच्यात माणूस पुरतात, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? गावाला मात्र पक्कं ठाऊक होतं, तरी सगळं गाव मूग गिळून बसलं. माझंच गाव, पण मला त्याचा अजून राग येतो.

धुरपताबाईनं साहेबांना सरळ सांगून टाकलं. मुकादम महालिंगप्पानं लगेच तिला वेड्यात काढलं. साहेब पेचात पडले.

"नदीत सोनं असंल तर मसणवट्याच्या वरल्या अंगालाबी घावंल, तितं राख जात न्हाय," ती म्हणाली. "म्या धुती तितली वाळू. तवर हितं कुदळ लावू नका."

साहेबांनी मुदत दिली, मजुरी नाही दिली. ऐन थंडीत ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बोटं फुटून रक्त आलं, तरी तिनं परात खाली ठेवली नाही. वरच्या अंगाला सोनं म्हणून काही निघालं नाही. साहेबांनी हुकूम मागं घेतला आणि तंबू उठले.

तो कण सरकारी नमुना म्हणून साहेबांच्या डबीत होता. गाडी निघाली तशी धुरपताबाई बैलांपुढं आडवी उभी राहिली आणि तो परत मागायला लागली. हा तुझा आहे का, असं साहेबांनी विचारलं.

"कुणाचा हाय ठावं न्हाय. माझ्या धन्याच्या तोंडातलाबी असंल," ती म्हणाली. "पण सरकारचा न्हाय."

साहेब गाडीतून खाली उतरले आणि त्यांनी डबी तिच्या हातावर ठेवली. ती तशीच नदीकडं चालू लागली.