मनोहर भोयेचा देव

तोफखान्यात असताना माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात झाली. तेव्हा मी नायब सुभेदार होतो. पोस्टचं नाव लिहीत नाही. ते सांगायचं नसतं. तोफा खाली दरीत होत्या. आम्ही काही जण वर कड्यावर, दुर्बिणी आणि रेडिओ सेट घेऊन. समोर काय हलतं ते बघायचं आणि खाली कळवायचं, हे काम. पोस्ट कमांडर मी होतो.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, तिथं रोज गोळीबार असतो. तसं नाही. बहुतेक दिवस बर्फ उपसण्यात जातो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन आपापल्या जागेवर. मग बंकरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं. सेटच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून झोपायचं, नाहीतर त्या थंडीनं उतरतात. ठरल्या वेळी खाली रिपोर्ट द्यायचा. "ऑल ओके. ओव्हर." आमचे महिनेच्या महिने या तीन शब्दांत गेले.

नायक मनोहर भोये माझा रेडिओ ऑपरेटर. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. त्याचे वडील भिवाबाबा पाड्यावरचे पहिले ख्रिस्ती. त्यांनी घराला लागून पत्र्याची शेड घातली होती आणि तिथं दर रविवारी उपासना चालवायचे. मीही ख्रिस्ती. आमचं घर देवळाली कॅम्पातलं, आजोबांपासून विश्वासात आलेलं. पण माझा धर्म रविवारची उपासना आणि नाताळ एवढ्यावर भागत होता. मनोहरचं तसं नव्हतं. तो प्रत्येक गोष्ट देवाला सांगून करायचा. स्टोव्ह पेटत नसला तरी सांगायचा. रजा रद्द झाली, टपाल अडकलं, हवा बिघडली, की त्याचं बोलणं ठरलेलं असायचं.

"साहेब, त्याला ठाव हाय."

गनर रफिक अन्सारी मालेगावचा. घरचे सगळे लूमवर कापड विणणारे. पोरगा उंच, बोलका, स्वयंपाकात हुशार. तो मनोहरला छेडायचा.

"भोये, तेरे खुदा को बोल ना, एक पेटी अंडे भेज दे."

"तू बी सांग की. वर काय दोन ऑफिसं हाईत?"

रविवारी मी आणि मनोहर बंकरमध्ये प्रार्थना करायचो. त्याच बंकरमध्ये दुसऱ्या अंगाला रफिक नमाज पढायचा. जागा तेवढीच होती. कुणाला अडचण झाली नाही.

हिवाळा सरत आला असताना मोठं वादळ आलं. बर्फ पडायचा थांबेना. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. त्यातच मनोहरला खोकला सुरू झाला. सकाळी कोरडा होता. दुपारी तो चार पावलं चालून बसला. छातीला कान लावला तर आत पाणी उकळल्यासारखा आवाज. रुमालावर गुलाबी फेस. आमच्याबरोबरच्या नर्सिंग असिस्टंटनं माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांना कळलं. याला हॅपो म्हणतात. उंचीवरच्या विरळ हवेत फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या जागी बुडतो. त्यावर खरा इलाज एकच, त्याला खाली नेणं.

मी सेट उचलला.

"एक पेशंट. हॅपो. कॅजेव्हॅक चाहिए. ओव्हर."

"मौसम साफ होते ही बर्ड भेजेंगे. तब तक बॅग में रखो. ओव्हर."

कॅजेव्हॅक म्हणजे आजारी माणसाला उचलून खाली नेणं. बर्ड म्हणजे हेलिकॉप्टर. बॅग म्हणजे माणूस आत झोपेल एवढी जाड कापडाची, हवाबंद पिशवी. चेन लावायची आणि पायानं पंप मारून आत हवा भरत राहायची. आत दाब वाढतो. शरीराला वाटतं, आपण खाली उतरलो. पंप थांबला की आतली हवा शिळी होते. म्हणून पंप थांबवायचा नसतो. तोंडाजवळ प्लॅस्टिकची लहान खिडकी असते. त्यातून मनोहरचा चेहरा दिसायचा. ओठ निळे होते. ते हलत होते. कशासाठी, ते मला विचारावं लागलं नाही.

आम्ही पाळ्या लावल्या. त्या उंचीवर नुसतं उभं राहायला दम लागतो. प्रत्येक जण थोडा वेळ पंप मारायचा आणि बाजूला पडायचा. रफिक पाळी संपली तरी हटत नव्हता.

"हट, दूसरा आएगा," मी म्हणालो.

"साब, थोडा और."

मनोहरला उतार पडला. ओठांचा रंग बदलला. बाहेर काढल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि चहा प्यायला. त्यानं सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. मीही मानले. मनापासून मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिक उठला नाही. हाक मारली तर काहीतरी बरळला. श्वास घरघरत होता. त्यानं अंगातलं सगळं पंपावर घालवलं होतं. त्याची तब्येत मनोहरपेक्षा वेगानं घसरली. त्याला बॅगेत घातलं. दुपारपर्यंत मनोहरचा फेस पुन्हा सुरू झाला.

ऑक्सिजनचा शेवटचा सिलिंडर संपत आला होता. पोस्टवर बॅग एकच होती.

मी दोन जवान घेऊन खाली उतरायचा प्रयत्न केला. वाट राहिलीच नव्हती. दोर बर्फाखाली गेलेले. बर्फ छातीला लागत होता. थोडं उतरलो तोच पुढचा सगळा उतार आवाज करून तडकला आणि खाली सरकला. आणखी थोडं पुढं असतो तर आम्हीही गेलो असतो. परत फिरलो. स्ट्रेचर घेऊन तिथून जाणं म्हणजे सगळ्यांना घालवणं होतं. खालून जवानांची एक पार्टी वर निघाली होती. तीही मागे वळली.

हेलिकॉप्टर त्या दिवशी आलं. आवाज आम्ही ऐकला. ढगाच्या आत, अगदी जवळ. पायलटनं दोनदा प्रयत्न केला. आम्ही धुराचं नळकांडं पेटवलं. लाल धूर हातभर वर जाऊन ढगात मिसळला. मग आवाज लांब गेला.

"नो व्हिजिबिलिटी. बर्ड वापस. कल सुबह फिर कोशिश. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो.

आम्ही दोघांना आलटून पालटून बॅगेत ठेवत होतो. दर वेळी चेन उघडली की आतल्याचा दाब एकदम उतरायचा आणि तो आधीपेक्षा खचायचा. मी खालच्या डॉक्टरांना सेटवर विचारलं. त्यांनी दोघांची अवस्था विचारून घेतली.

"साब, ऐसे दोनों जाएंगे. जो बेहोश है, उसको अंदर रखो. मत निकालो. ओव्हर."

बेशुद्ध रफिक होता. त्या वेळी बॅगेत मनोहर होता. मी खिडकीजवळ तोंड नेलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याला मोठ्यानं सांगितलं. लपवलं नाही. तो ऐकत होता. मग त्यानं आतून चेनकडे बोट दाखवलं. आम्ही चेन उघडली.

"मला बोलता येतंय साहेब," तो म्हणाला. "म्हंजे मी बरा हाय. त्याला घाला."

"मनोहर, पुन्हा काढता येणार नाही त्याला."

"हां. माझं तो बघंल."

तो म्हणजे कोण, ते मला माहीत होतं.

रफिकला आत घातलं. मनोहरला मी माझ्या अंगाशी टेकवून बसवलं. त्याला आडवं होता येत नव्हतं. सिलिंडर संपला. आम्ही प्रार्थना केली. खरं तर मी केली, तो फक्त मान हलवत होता. मी उघड, साध्या शब्दांत मागितलं. ढग काढ. एवढंच. अर्धा तास काढ. आपल्या लोकांसाठी समुद्र दुभागणाऱ्याला ढग काय जड आहे, असं मी म्हणालो. हट्टानं म्हणालो. पंप मारणारे जवान ऐकत होते. त्यातलं कुणी ख्रिस्ती नव्हतं, पण माझं संपल्यावर सगळ्यांनी आमेन म्हटलं.

बाहेर बर्फ पडतच होता.

संध्याकाळ व्हायच्या आधी पंपावरचा जवान बदलला. मध्ये क्षणभर आवाज थांबला. मनोहरनं डोळे उघडले.

"रफिकचा पंप... थांबू देऊ नका."

"चालू आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तो बोलला नाही. उजेड असतानाच गेला. माझ्या छातीला टेकलेलं त्याचं अंग जड झालं, त्यावरून मला कळलं. मी सेटवर कळवलं. त्याचं नाव, नंबर, रँक. पंप चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निळंशार होतं. बोटभरसुद्धा ढग नव्हता. शिखरं इतकी स्वच्छ मी त्या पोस्टिंगमध्ये पाहिली नव्हती. हेलिकॉप्टर आलं. आधी रफिकला चढवलं. त्याचा श्वास चालू होता. आम्ही सगळे त्या एका श्वासाला धरून होतो. मी स्वतःला सांगितलं, बघ, यासाठी होतं. मनोहर गेला, पण रफिक राहिला. देवाचा हिशोब आपल्याला कळत नाही, पण हिशोब आहे. हा विचार मी दोन दिवस जपला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्टच्या वेळी खालून कळलं. रफिक हॉस्पिटलमध्ये गेला. शुद्धीवर आलाच नाही.

मी "रॉजर" म्हणालो आणि बाहेर जाऊन बर्फ उपसायला लागलो.

रजा मिळाल्यावर आधी मालेगावला गेलो. रफिकची अम्मी दारात उभी होती. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि काहीच विचारलं नाही. शेजारी लूम चालू होते. त्या आवाजात तिला बोलायचं नसावं, किंवा बोलायचंच नसावं.

मग हरसूल. तिथून पाड्यापर्यंत चालत. भिवाबाबा ओट्यावर बसले होते. मनोहरची बायको मंदा आतून येऊन दाराशी टेकली. मी सगळं सांगितलं. बॅग काय असते, ती एकच कशी होती, डॉक्टर काय म्हणाले, मनोहर काय म्हणाला. भिवाबाबांनी मध्येच विचारलं,

"शेवटाला काय बोलला त्यो?"

मी सांगितलं. पंप थांबू देऊ नका म्हणाला.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मला एकदम उजेड दिसला. ते पुढे सरकले.

"मंग त्यो पोरगा वाचला ना?"

इतकी वर्षं फौजेत काढली. त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकं अवघड मी काही केलेलं नाही.

"नाही बाबा."

"दोघांतला एक बी नाय?"

"नाही."

भिवाबाबा उठले आणि बैलाला चारा टाकायला गेले. बैलापुढे चारा होता. त्यांनी त्यावरच आणखी टाकला.

मंदा बोलली. रडली नाही.

"आमी रोज सांजंला प्रार्थना करायचो साहेब. त्याला सांबाळ म्हणायचो. तिथं काय पायजे ते आमाला काय ठाव? आभाळ उघड म्हणायचं, असं कुणी सांगितलं असतं तर त्येच मागितलं असतं."

मी तिला सांगितलं नाही की तेच मागितलं होतं.

आता मी रिटायर होऊन देवळालीतच असतो. चर्चला जातो. पाळक चांगले आहेत. एकदा त्यांनी मला मंडळीसमोर साक्ष द्यायला सांगितलं. फौजेत देवानं कसं राखलं ते सांगा म्हणाले. मी उभा राहिलो आणि हे सांगितलं. शेवटी काय म्हणायचं ते मला सापडेना, म्हणून बसलो. बाहेर आल्यावर एक बाई हळूच म्हणाल्या, देवाची योजना असते. मी हो म्हणालो. विश्वास संपला असं मी म्हणत नाही. संपला असता तर सोपं झालं असतं. मनोहरला वाटायचं तसा देव आहे, असंच मला अजून वाटतं. म्हणूनच त्या निळ्या सकाळीचं काय करावं ते कळत नाही.

मनोहर गेला त्या दिवशी दरवर्षी मी पाड्यावर जातो. पहिल्या वर्षी शेड भरलेली होती. मग लोक कमी होत गेले. पाड्यावर बोलणं झालं, की त्याच्या देवानं त्यालाच राखलं नाय, तर आपल्याला काय राखणार. भिवाबाबांनी कुणाशी वाद घातला नाही. यंदा शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. ते, मंदा आणि मी. पत्रा गंजलाय. एका बाजूचा पावसात उडाला, तो पुन्हा लावलेला नाही.

भिवाबाबांना आता नीट उभं राहता येत नाही. खांबाला धरून राहिले. डोळे मिटले.

"देवबापा," ते म्हणाले, "नायक मनोहर भिवा भोये."

रँकसकट म्हणाले. थोडं थांबले.

"देवबापा, गनर रफिक अन्सारी."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. मंदानंही पाहिली. त्यांनी काही मागितलं नाही.