सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी तो आणि सून दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या दोन खोल्यांतच राहत होते. मूल कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "आधी घर."

त्यावर माझं भाषणही ठरलेलं. आम्ही नाव नोंदवलं, थांबलो, सरकारी क्वार्टर मिळालं. पुढे ऑफिसातल्या मंडळींनी सोसायटी काढली, पुन्हा थांबलो आणि दिल्लीच्याच द्वारका भागातला हा फ्लॅट झाला. तात्पर्य, धीर धरा.

"बाबा, आम्ही रांगेत उभं राहायला तयार आहोत," सून एकदा म्हणाली. "रांग कुठे लागलीय तेवढं सांगा."

मग रांग शोधायला मीही त्यांच्याबरोबर नोएडाच्या पलीकडे फ्लॅट बघायला गेलो. खिशात स्टीलची टेप होती. नोकरीभर सरकारी बांधकामांची मापं तपासलेला माणूस टेपेशिवाय देवळातही जात नाही.

इमारतीच्या जागी खड्डा होता. त्याच्या काठावर मात्र रोमन खांब, कारंजं आणि एक सॅम्पल फ्लॅट तयार होता. टाय लावलेल्या विक्रेत्याने आधी मोठी बेडरूम दाखवली, मग शेजारची छोटी खोली. "और ये, अंकल जी, आपके पोते के लिए!" भिंतीवर चंद्र रंगवला होता. सून त्या दारात बराच वेळ उभी राहिली.

मला मात्र मोठ्या खोलीतल्या पलंगाचा संशय आला होता. मी बूट काढून त्यावर आडवा झालो. पाय घोट्यापर्यंत बाहेर.

"अंकल जी, ये सिर्फ डिस्प्ले के लिए है!"

"मैं भी," मी म्हणालो.

खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून सगळं फर्निचरच आखूड केलं होतं. मग मी चंद्राची खोलीही मोजली आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "पाळणा ठेवला तर दार लागणार नाही."

"चला," सून म्हणाली आणि बाहेर पडली.

"बाबा, यार," मुलगा हळूच म्हणाला, "तिला पाच मिनिटं नुसतं बघू तरी द्यायचं होतं."

परतताना मेट्रोत मी मापं मनात पुन्हा ताडून पाहिली; ती बरोबरच होती. बरोबर मोजूनही आपण चुकलो, असा प्रसंग नोकरीत कधी आला नव्हता.

घरी दोघं चहाला थांबली. मी माझ्या वाचायच्या खोलीत गेलो. तिथे पुस्तकं होती आणि एका कपाटात मी आयुष्यभर केलेल्या अर्जांच्या प्रती. टेप काढली, मोजलं आणि सुनेला हाक मारली.

"अर्जांचं कपाट काढलं तर पाळणा बसतो. दारही लागतं."

ती कपाटाकडे बघत राहिली. "आणि रांग?"

"तुमच्या पुढे कुणी नाही."

तिने माझ्या हातातून टेप घेतली आणि खोली पुन्हा मोजली.