मुनिरकातल्या भिंतीवरचा पंजा

विज्ञान जिथे थांबतं, तिथून गूढाचा प्रदेश सुरू होतो असं म्हणतात. माझ्या माहितीप्रमाणे तिथे फक्त वॉरंटी संपते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वीस वर्षं केंद्र सरकारच्या विद्युत विभागात काढल्यावर माणसाचा फायलींवरसुद्धा राहत नाही. तरीही हे लिहितोय...

माझ्याकडे एक थर्मल कॅमेरा आहे — माझा स्वतःचा, ऑफिसचा नव्हे, हे ऑडिटवाल्यांसाठी. कुठली वस्तू किती तापलीय ते तो रंगांत दाखवतो: गार ते जांभळं, गरम ते पिवळं. गंमत अशी, की कंपनी आत सेन्सर चांगलाच बसवते आणि स्वस्त मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरने त्याला अर्धा आंधळा करून विकते. नेटवर काही भल्या माणसांनी बदललेलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, ठेवलंय. ते टाकलं की कॅमेऱ्याला नीट दिसू लागतं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, राजधानीतल्या आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, मी ते टाकलं. कॅमेरा रीस्टार्ट झाला, तेवढ्यात बायकोने तिळाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

"ऋतुजाला देऊन या. आणि तिथे लेक्चर देत बसू नका."

ऋतुजा माझी भाची, हिंगोलीची. यूपीएससीसाठी मुनिरकात खोली घेऊन राहते. कॉट, टेबल, नोट्सचे गठ्ठे — खोली संपली.

लेक्चर अर्थातच दिलं. "बघ, आता कसं स्वच्छ दिसतं," म्हणत दारातूनच कॅमेरा समोरच्या भिंतीवर धरला. तिच्या उशाच्या वर, छताला लागून, एक पंजा. अंगठ्यासकट पाचही बोटं, पिवळीजर्द.

"मामा, तुम्ही हात लावलात तिथे?"

"तिथे पोचायला मला शिडी लागेल."

नुसत्या डोळ्यांना भिंत कोरी होती. मी खाली स्वतःचा तळवा दाबून पाहिला. त्याचा ठसा मिनिटभरात विरला. वरचा तसाच. एक फोटो काढून ठेवला.

आवाज ऐकून मकानमालकीण आल्या. "भैया, ये क्या शूटिंग चल रही है?" मग स्क्रीन पाहून त्यांनी दुपट्टा डोक्यावर घेतला. "हाय राम, ये किसका हाथ है?"

त्यांना पंडित हवा होता, मला इलेक्ट्रिशियन. संक्रांतीचे दिवस, पंडित बिझी निघाला.

इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून प्लास्टर फोडलं. आत गीझरच्या वायरचा जोड, सुपारीएवढा. वरची टेप जळालेली, भोवतीचा प्लास्टिकचा पाइप वितळून काळा झालेला. "सर, हफ़्ता भर और चलता तो..." म्हणत त्याने खाली पाहिलं. खाली ऋतुजाची रजाई होती आणि दोन वर्षांच्या नोट्स. ऋतुजा गठ्ठे कॉटवरून उचलू लागली.

जोड तापला म्हणून भिंत तापली, इथवर कळलं. पण जोड एक — बोटं पाच कुठून आली?

घरी येऊन कॅमेऱ्याची सेटिंग्ज उघडली, तर फर्मवेअर जुनंच! सकाळचं अपडेट झालंच नव्हतं. म्हणजे कॅमेरा दिवसभर अर्धा आंधळाच होता, आणि दारातून त्याला बोटं वेगळी दिसणं शक्य नव्हतं. फोटोतही नुसता पिवळा डाग आहे. पण आम्ही तिघांनी पंजा पाहिला होता. तिथेही डागच दिसला असता, तर भिंतीला पलीकडून ऊन लागत असेल म्हणत मी लाडू खाऊन निघालो असतो.

हिंगोलीला ताईला फोनवर एवढंच सांगितलं, की खोलीचं वायरिंग बदलून घेतलं. ती म्हणाली, "बरं झालं. नाहीतरी तुला रविवारी काम काय असतं?"

स्पष्टीकरण आजही नाही. हात ज्याचा कुणाचा असेल, त्याचा मी जन्मभर ऋणी आहे. पुढच्या रविवारी फर्मवेअर नीट टाकलं. निदान आभार मानता यावेत म्हणून तिची खोली आणि आमचं अख्खं क्वार्टर पुन्हा पुन्हा तपासतोय. आतापर्यंत एकच गोष्ट सापडली: आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय.