रोममधला सामना आणि माझा उजवा हात

सोलापूर स्टेशनावर मला पोचवायला अण्णा आले ते बोडक्या डोक्यानं. अण्णा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत गणित शिकवणारे. फलाटावर तिकीट तपासणारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं अण्णांचं उघडं डोकं पाहिलं, तोंड बारीक केलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, घरातलं कोण गेलं?" आपल्याकडे बाप्या माणूस टोपी-पागोट्याशिवाय रस्त्यावर दिसला की लोक घरात सुतक धरून चालतात, त्यात त्याची काही चूक नव्हती. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो चाललाय की." तो बिचारा हसावं की रडावं न कळून पुढच्या डब्याकडे सटकला. आईनं कडक भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं आणि गाडी सुटली. अण्णांनी हात हलवला नाही. मीही डोकं आत घेतलं.

गाव सोडून गेलेल्या माणसांची पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत. कुणी पोटासाठी गेलेला असतो, कुणी शिकायला, आणि सगळ्यांना म्हणे गावच्या मातीची आठवण येते. मलाही तसलं लिहिता येतं, लिहिलंही आहे. पण मुंबईला, आफ्रिकेला, कुठं कुठं गेलेले तुम्ही आणि सोलापूरच्या नव्या पेठेत मागे राहिलेले तुम्ही, दोघांनाही आज खरं सांगतो. मी पळून गेलो. अण्णांचं ते उघडं डोकं रोज सकाळी बघवत नव्हतं म्हणून गेलो.

तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा होता. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. स्वराज्यवाल्यांची पांढरी टोपी दिसली की सोजीर अडवायचे. अण्णा एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, सभेला जाणार नाहीत, घोषणा देणार नाहीत. पण टोपी त्यांनी सोडली नाही. एका सकाळी दोघं दळण घेऊन येत होतो. कोपऱ्यावर एका गोऱ्या सोजिरानं काठीनं खूण केली, टोपी काढ. अण्णा थांबले. दळणाचा डबा त्यांनी खाली ठेवला आणि हात बाजूला सोडून नुसते उभे राहिले. सोजिरानं काठी उचलली. तेव्हा मी पुढे झालो, माझ्या हातानं अण्णांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि खिशात घातली. त्यावर कडी म्हणजे मी त्या सोजिराकडे बघून हसलो. म्हातारा आहे, समजत नाही, सोडा साहेब, असं ते हसू होतं. 

अण्णांनी दळणाचा डबा घरात आणून ठेवला. मी टोपी झटकून पुढे केली तर घेतली नाही. म्हणाले, "सोजिरानं काढली असती तर मी उद्या दुसरी घातली असती. तू काढलीस. आता कुटली घालू?"

मी म्हणालो, "अण्णा, काठी बसली असती."

"बसली असती की. मग?"

त्या दिवसापासून ते बोडक्यानं हिंडायला लागले. शाळेत, बाजारात, देवळात. कायदा उठला, लोक पुन्हा पांढऱ्या टोप्या घालायला लागले, अण्णा मात्र तसेच. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "गुरुजी, कोण गेलं?" आणि ते मी ऐकत असलो तर मुद्दाम सांगायचे, "चौकशी चालू हाय." पाच-सहा महिने मी हे ऐकलं. शेवटी नव्या पेठेतले सुताचे व्यापारी, ज्यांच्या दुकानी मी इंग्रजी पत्रं लिहायचो, त्यांना इटलीतल्या मिलान शहरातल्या एका कारखान्याचं पत्र आलं. कारखाना कृत्रिम रेशीम करायचा. ते आपल्याकडच्या हातमागांवर तुटतं अशा तक्रारी फार आल्या होत्या आणि त्यांना आपल्या विणकरांची रीत समजलेला माणूस हवा होता. ते पत्र मीच वाचलं आणि उत्तरात माझंच नाव घातलं.

मिलानमधलं माझं काम विचाराल तर सुतं भिजवून तोडायचं. आपले विणकर ताण्याला खळ देतात, म्हणजे सूत कांजीत भिजवून ताठ करतात. कृत्रिम रेशीम कोरडं असताना झोकात चमकतं आणि भिजलं की दम सोडतं. बोटाच्या चिमटीत धरलं तरी तुटतं. हे त्या इंजिनियरांना पटवायला मला सहा महिने लागले. लॅबोरेटरीत मी कांजी शिजवली तेव्हा सगळे नाकाला रुमाल लावून बघायला जमले होते. पुढे माझ्या रिपोर्टावरून त्यांनी धागा सुधारला, पगार वाढला, मी फेल्टची हॅट घेतली, ट्रामचा पास काढला. लोक सिन्योर, म्हणजे साहेब, म्हणू लागले. सुरुवातीला मक्याचा घट्ट पिवळा पोलेंटा ताटात आला की मी कण्या समजून ताक मागायचो. नंतर मागेनासा झालो.

लॅबोरेटरीत माझ्या शेजारच्या टेबलावर यान बसायचा. तो उत्तरेकडच्या बोहेमिया प्रांतातला, रंगाचा केमिस्ट, माझ्यासारखाच परका. दोघांचं इटालियन मोडकं, म्हणून एकमेकांचं चांगलं समजायचं. रविवारी कारखान्याच्या मैदानावर फुटबॉल चालायचा. मी सोलापुरात शाळेमागच्या माळावर अनवाणी खेळलेला. त्यांनी मला बूट घालायला लावले आणि पहिल्याच दिवशी माझा पाय मुरगळला. यान माझा हात आपल्या खांद्यावर घेऊन मला घरी सोडायला आला, जिन्यावर हसून हसून खाली बसला. मिलानमध्ये माझं म्हणावं असं माणूस तेवढंच.

चौतीस सालच्या जूनमध्ये फुटबॉलच्या जगज्जेतेपदाचा शेवटचा सामना रोमला ठरला आणि तोही इटली विरुद्ध यानचा देश. कारखान्यानं कामगारांसाठी स्वस्तात गाडी सोडली. यान येणार नव्हता. "तुझे लोक जग जिंकायला निघालेत आणि तू घरी मोजे धुणार?" असं चिडवून चिडवून मीच त्याला गाडीत घातला. हे लक्षात ठेवा, त्याला तिथं नेणारा मीच.

मैदानावर ऊन चैत्रातल्यासारखं. इथला सत्ताधीश येऊन बसला तशी सगळी माणसं उभी राहिली, हॅटी काढल्या आणि उजवे हात ताठ वर. खेळाडूंचेही हात वर. हजारो माणसं, त्यात म्हातारे, बायका, पोरंसुद्धा, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, मला कुणीतरी बघतंय ना, असा. किळस आली. किळस आली म्हणतो खरा, पण माझाही हात वर होता. कुणी सांगितलं नव्हतं. हॅट डाव्या हातात आणि उजवा वर, झक्कास. यान बुटाचा बंद बांधायला खाली वाकला होता आणि तो बंद काही केल्या बांधून होईना. त्याच्या त्या हुशारीचं मला हसू आलं.

खेळ आधी नुसता धसमुसळा होता. लाथा, ढकलाढकली, आणि प्रत्येक लाथेला टाळ्या. माझ्या बाजूचा एक जाड मनुष्य, चांगला घरंदाज दिसणारा, पाहुण्यांच्या खेळाडूला लागलं की बायकोला कोपरानं ढोसून दाखवायचा. मध्यंतरानंतर, खेळ संपायला वीसेक मिनिटं उरली असतील, यानच्या लोकांनी गोल केला. एवढं मोठं मैदान, पण चिडीचूप झालं. यान ओरडला नाही. त्यानं माझा गुडघा असा दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. थोड्या वेळात त्यांचाच आणखी एक चेंडू गोलाच्या दांडीवर आपटून परत आला. तो आत गेला असता तर सामना तिथंच संपला असता, आणि मी हे लिहीत बसलो नसतो. नऊ-दहा मिनिटं उरली असताना इटलीच्या एकानं मारलेला चेंडू हवेत वळला आणि गोलकीपरच्या हाताला चकवून आत गेला. मग बरोबरी, म्हणून जादा वेळ, आणि त्यात इटलीचा दुसरा गोल. पाय ओढत चाललेल्या एका खेळाडूनं तो कसा मारला कुणास ठाऊक. खेळ म्हणून बघाल तर तसा सामना मी पुन्हा पाहिला नाही. दोन्हीकडच्यांनी जीव काढला होता.

शिट्टी झाली. लोकांनी हॅटी उडवल्या, अनोळखी माणसं एकमेकांचे मुके घेऊ लागली. मग सत्ताधीशाच्या पक्षाचं गाणं सुरू झालं आणि पुन्हा सगळे हात वर. यान उभा राहिला. डोळे लाल, दोन्ही हात पँटच्या खिशात. आता बुटाचा बंद नाही, काही नाही. आमच्या मागे त्याच पक्षाच्या काळ्या सदऱ्यातला, छातीवर बिल्ला लावलेला एक जण होता. तो म्हणाला, "हात." यान हलला नाही. तो पुन्हा म्हणाला, "हात वर," आणि बाक ओलांडून खाली उतरू लागला.

मी यानचं मनगट धरलं. त्याचा हात खिशातून ओढून काढला आणि माझ्या हाताबरोबर वर धरला. आणि त्या काळ्या सदऱ्याकडे बघून हसलो. सोलापूरच्या कोपऱ्यावरचं ते हसू, जसंच्या तसं.

यानचा हात माझ्या मुठीत मेल्यासारखा होता. त्यानं तो खाली घेतला नाही, वर ठेवलाही नाही, मीच धरून होतो. गाणं संपेपर्यंत धरून होतो. बिल्लेवाल्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "ब्राव्हो, इंडियानो!" खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. क्षणभर का होईना, शाबासकी मिळालेल्या शाळकरी पोरासारखं बरं वाटलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती, पण ती नंतर. आधी बरं वाटलं होतं.

परतीच्या गाडीत यान खिडकीकडे तोंड करून बसला होता. फ्लोरेन्सच्या पुढे कुठंतरी तो बोलला. "दोन ठोसे बसले असते. आठवड्यात सूज उतरली असती." मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी केलं. तो म्हणाला, "माहीत आहे." त्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. त्यानंतर कँटीनमध्ये तो दुसऱ्या टेबलावर बसू लागला, भेटला की नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा. दिवाळीच्या सुमारास नोकरी सोडून आपल्या देशात गेला.

तोवर इकडे माझं कौतुक चाललं होतं. कारखान्याच्या पत्रिकेत दोन ओळी आल्या की आपल्या भारतीय मित्रानं रोममध्ये मोठ्या उत्साहानं वंदन केलं. मॅनेजरनं बोलावून हस्तांदोलन केलं. आणि मी काय केलं? सामन्याचं रंगवून रंगवून पत्र लिहिलं, दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं. तो वळलेला चेंडू, उडालेल्या हॅटी, सगळं. त्यात यान नव्हताच. तुमच्यापैकी कित्येकांनी ते नव्या पेठेत मोठ्यानं वाचलं म्हणे, आणि गादीवर बसलेल्या शेठजींनी पुन्हा वाचायला लावलं. पोरानं नाव काढलं म्हणालात. ते मला दुकानाच्या उत्तरातून कळलं.

त्या आठवड्यात अण्णांना दुसरं पत्र लिहिलं. यानचं मनगट, ते हसू, खांद्यावरची थाप, बरं वाटलं तेसुद्धा. कोपऱ्यावरचं पण लिहिलं, जे आमच्यात त्या दिवसानंतर कधी निघालं नव्हतं. लिहिलं की माणूस एकदा चुकतो तेव्हा भीतीला बोल लावता येतो. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा दुसऱ्याचा मान माझ्या हातानं काढून दिला आणि त्याला प्रेम म्हटलं. क्षमा मागितली नाही. अण्णांकडे ती मागायची सोय नव्हती, आणि मिळाली असती तर त्यांनी मला टाकून दिल्यासारखं वाटलं असतं. पाकीट पेटीत टाकल्यावर वाटलं, आता ते उत्तर देणार नाहीत. मग जगात मी कुणाचाच राहणार नाही. दीड महिना मी पोस्टमनची वाट पाहिली, आणि इतकी भीती मला ना सोजिराची वाटली होती, ना काळ्या सदऱ्याची.

कार्ड आलं. अण्णा बोलायचे तसंच लिहायचे. "पत्र वाचलं. तुझी लई लाज वाटली. दोन दिवस जेवण गेलं न्हाय. आईला वाचून दाखवलं न्हाय, ती रडंल. तितं थंडी फार, छाती सांभाळ."

ते कार्ड घेऊन मी जिन्यातच बसलो. इथं माझी खोली आहे, चांगला पगार आहे, शेजारीण माझे सदरे इस्त्री करते. चौकातला हॅटवाला मला नावानं ओळखतो. सगळे माझ्यावर खूश आहेत. पण या एवढ्या मोठ्या शहरात असा एकही माणूस नाही, ज्याला माझी लाज वाटेल. त्यांना वाटावी तरी का, मी त्यांचा कोण? तिकडे सोलापुरात एका म्हाताऱ्याला माझी इतकी लाज वाटते की त्याला दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून कुणी घर कुठं विचारलं तर मी अजून सोलापूरच सांगतो.